भाता डाव्या हाताला द्या

मागच्या महिन्यात या सदरात सिंथवर, म्हणजे आवाज घडवणाऱ्या यंत्रावर किंवा सॉफ्टवेअरवर, बासरी कशी काढायची ते लिहिलं, आणि टपालात आली ती सगळी गजाची वाद्यं. पत्रं आणि ईमेल मिळून नऊ. त्यातले सहा जण एकाच खड्ड्यात पडलेले, एक बाई माझ्यावर रागावलेल्या, एक मुलगा घाईत. म्हणून या वेळी सगळी जागा व्हायोलिन आणि सारंगीला.

प्रश्न : मी वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलाने लॅपटॉपवर सर्ज एक्सटी हे सिंथचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि जुना कीबोर्ड जोडून दिला. व्हायोलिनसाठी सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लाट) घ्या असं जिथे तिथे वाचलं, घेतला. अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) वाढवला, फिल्टर लावला, व्हायब्रेटो दिला. तरी आवाज एस.टी.च्या हॉर्नसारखाच येतो. चुकतंय कुठे? — एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : सॉटूथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण बरेच जण वैतागून पहिल्यांदा तोच बदलायला निघतात. राळ लावलेला गज तारेवरून फिरतो तेव्हा केस तारेला धरून आपल्याबरोबर ओढत नेतात. ताण सोसेनासा झाला की तार निसटते, झटक्यात मागे येते, पुन्हा पकडली जाते. व्हायोलिनच्या ए तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. ओढणं सावकाश, निसटणं झटपट, त्यामुळे तारांखालच्या घोडीवर पडणारा जोर कागदावर काढला तर करवतीचे दातच दिसतात. हेल्महोल्ट्झने तारेची ही चाल एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून पाहिली. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी तिचं गणित मांडलं आणि ते १९१८ साली कोलकात्याहून प्रसिद्ध झालं. रामन म्हटलं की आपल्याला प्रकाशच आठवतो, पण त्याआधी हा माणूस सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तारा आणि गज घेऊन बसत होता. प्रयोगशाळेचा पत्ता २१०, बोबाजार स्ट्रीट. गजाला इंग्रजीत बो म्हणतात, त्यामुळे हा पत्ता मी आजवर विसरलेलो नाही.

मग हॉर्न का वाजतो? करवत ही घोडीपर्यंतची गोष्ट. घोडीच्या खाली लाकूड आहे, आणि तुमच्या लॅपटॉपात लाकूड नाही.

व्हायोलिनच्या पोटाला त्याचे स्वतःचे ठरलेले सूर असतात. आतली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झला बोलते, लाकडाचे दोन मोठे सूर ४५० आणि ५५० च्या आसपास, आणि २ ते ३ हजारांच्या दरम्यान एक रुंद उंचवटा. वाद्यागणिक आकडे थोडेफार सरकतात. महत्त्वाचं हे, की तुम्ही कुठलीही पट्टी दाबा, हे उंचवटे जागचे हलत नाहीत. तुमच्या फिल्टरला कीट्रॅक नावाची एक सोय असते, ती चालू असेल तर उंचवटे सुराबरोबर वरखाली पळतात आणि प्रत्येक सूर एकाच साच्यातून काढलेल्या बर्फीसारखा येतो. कीट्रॅक शून्यावर आणा. मग ऑसिलेटरच्या (लाट काढणाऱ्या भागाच्या) पुढे इक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज वाढवणारं-घटवणारं साधन) लावून हे चार उंचवटे बसवा. पहिले तीन अरुंद, चौथा पसरट. पाच हजारांच्या वर हळूहळू उतार.

आता व्हायब्रेटो द्या आणि ऐका. तोच व्हायब्रेटो, पण वेगळा लागेल. ए सूर २० सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग, वरखाली हलवला तर मूळ सूर जेमतेम ५ हर्ट्झ हलतो. त्याचा दहावा स्वरांश (मूळ सुराच्या दहापट कंपनांचा अंश) मात्र ४४०० पासून ५० हर्ट्झ इकडे, ५० हर्ट्झ तिकडे जातो. वाटेत लाकडाचे लहानमोठे चढउतार असतात. त्यामुळे एक स्वरांश चढावर असताना दुसरा उतारावर. सेकंदाला पाचसहा वेळा आवाजाचा रंग बदलत राहतो, आणि आपण ज्याला ‘जिवंत’ म्हणतो ते बरंचसं हेच आहे. लाकडाशिवाय व्हायब्रेटो दिला की नुसता सूर हलतो, रंग हलत नाही. हॉर्न हलवल्यासारखं.

इक्यूत चार टेकड्या बसवण्यापेक्षा सोपा आणि चांगला उपाय सांगतो. मी मिरजेत राहतो, सतारमेकर गल्ली घरापासून दहा मिनिटांवर. तिथं दुरुस्तीला आलेलं एक व्हायोलिन मागितलं, तारांमध्ये रुमाल कोंबून त्यांचं तोंड बंद केलं, आणि घोडीच्या कडेला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारली. फोन एका हाताच्या अंतरावर ठेवून रेकॉर्डिंग. वीस टिचक्या घेतल्या. त्यातल्या एकीतच शेजारचा रंधा नव्हता. ती पाव सेकंदावर कापली आणि कन्व्हॉल्यूशन रिव्हर्बमध्ये भरली. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं रीआव्हर्ब आपली स्वतःची फाइल घेतं. ड्राय (मूळ आवाज) पूर्ण बंद, वेट (गाळलेला आवाज) पूर्ण चालू. म्हणजे करवतीचा प्रत्येक दात आता त्या लाकडातून गाळून बाहेर येतो. कारागिराला दोन्ही ऐकवलं. तो पॉलिशचा बोळा न थांबवता म्हणाला, “मघाशी नुसती पेटी होती. आता पेटीत व्हायोलिन हाय.”

पेटीतून ते बाहेर काढायचं काम मात्र हाताचं, आणि तिथं तुम्ही माझ्या इतर वाचकांच्या चार पावलं पुढे आहात. कीबोर्डवर बोट पडतं त्या क्षणी सुराचं नशीब ठरतं: किती जोरात मारलं तेवढा आवाज, पुढे त्यात बदल नाही. पियानोला ते शोभतं. गजाच्या वाद्यात सूर सुरू झाल्यावरच खरं काम सुरू होतं. पियानो शिकलेल्या मुलांना हे समजावताना माझा घसा बसतो, कारण त्यांचा डावा हातही सूरच वाजवत असतो. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर असतो. कीबोर्डच्या डाव्या बाजूला बघा, मॉड व्हील आहे. तोच तुमचा भाता.

जोडणी अशी करा. वेलॉसिटीचं (पट्टी किती जोरात मारली त्याचं) आणि आवाजाचं नातं तोडून टाका. मॉड व्हीलला तीन गोष्टी बांधा: आवाजाची पातळी, फिल्टरचा कटऑफ आणि गजाची खरखर. तिन्ही एकाच प्रमाणात चढवू नका. चाक अर्ध्यावर येईपर्यंत पातळी चढू द्या, उजेड, म्हणजे कटऑफ, त्यानंतर. खऱ्या वादकाचंही तसंच असतं, आधी गज लांब आणि वेगात जातो, मग दाब वाढतो आणि आवाजाला धार येते. चाक शून्यावर असेल तर आवाज शून्य. पट्टी दाबली तरी भाता मारल्याशिवाय सूर नाही, हे तुम्हाला मी काय सांगू!

खरखरीबद्दल एक बारीक गोष्ट. नुसता नॉइज मिसळला की पावसात उभं राहून वाजवल्यासारखं होतं. गजाची खरखर सलग नसते, तार निसटते त्या क्षणाशी बांधलेली असते. म्हणून नॉइजला त्याच सुराच्या ऑसिलेटरशी रिंग मॉड्युलेशनने (दोन आवाजांच्या गुणाकाराने) जोडा, मग तो सुराच्या ठेक्यात फुटतो आणि वेगळा ऐकू येत नाही. प्रमाण इतकं कमी ठेवा की बंद केल्यावरच कळावं.

सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटोवर ठेवा, म्हणजे दुसरी पट्टी पहिली न सोडता दाबली की अटॅक पुन्हा लागत नाही. एका गजात चारपाच सूर, मग गज पालटतो. पालटताना चाक क्षणभर खाली आणून वर न्या. अटॅक ६० ते ८० मिलिसेकंद पुरे; तुम्ही नक्कीच अर्धा सेकंद ठेवला असणार, सगळेच ठेवतात.

आणि अभंगाला साथ करणार असाल तर तो एलएफओचा (आपोआप डुलवणाऱ्या संथ लाटेचा) व्हायब्रेटो बंद करा. इतका वेळ समजावून आता बंद करा म्हणतोय, हे कळतंय मला. पण गायकी अंगाच्या व्हायोलिनमध्ये खडा सूर खडाच ठेवतात. व्हायोलिनवादक डी. के. दातार यांचं वादन ऐका, तिथं सूर थरथरतो तेव्हा त्याला काही कारण असतं. आंदोलन हवं तिथं ते पिच बेंडने हाताने द्या. रंग हलवायला व्हायब्रेटोच लागतो असं नाही, मींडही प्रत्येक स्वरांशाला त्याच टेकड्यांवरून फिरवून आणते.

प्रश्न : तुम्ही मुलांना वादकाशिवाय कसं भागवायचं ते शिकवता. माझ्याकडे आठ वर्षं घासून एक विद्यार्थी तयार होतो आणि त्याच्या जागी कुणीतरी बटण दाबतं. तुम्हाला याचं काही वाटत नाही का? — एक व्हायोलिन शिक्षिका, नाशिक

उत्तर : वाटतं, बाई. नव्वदच्या दशकात आमच्या ऑर्केस्ट्रातले दोन व्हायोलिनवाले बंद झाले आणि त्यांच्या जागी माझा उजवा हात आला. त्या दोघांचं मिळून जे मानधन होतं त्याच्या निम्मं मला देत. मला तेव्हा आनंद झाला होता. त्यातले एकजण नंतर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवताना दिसले. मी ओळख दाखवली, त्यांनीही दाखवली, पुढे दोघांनाही काही बोलता आलं नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांसाठी एक कामाची गोष्ट मात्र सांगतो, आणि ती प्रत्येक ध्वनिमुद्रकाला माहीत आहे. सिंथची कितीही मोठी रांग असली, तरी तिच्यावर एक खरं व्हायोलिन ठेवलं की कान सगळ्या रांगेला खरं मानतो. एकच वादक, एकच तास. जे वाचक पार्श्वसंगीत करतात त्यांनी तेवढ्या एका तासाचे पैसे बाजूला काढावेत. माझ्या चार टेकड्या आणि टिचकी यांनी जे होत नाही ते त्या तासात होतं.

प्रश्न : सर, आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत म्हातारा मेल्यानंतर सारंगी हवी आहे. सारंगीवाला मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. सिंथमधल्या सारंगीच्या प्रीसेटवर वाजवलं तर दिग्दर्शक म्हणाला की हे मच्छर मारायच्या रॅकेटसारखं वाटतं. स्पर्धेला पंधरा दिवस आहेत. — एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : अंक तुझ्या हातात पडेपर्यंत पंधरापैकी किती उरलेत देव जाणे, म्हणून ईमेलनेही कळवलंय. इथं बाकीच्यांसाठी.

सारंगीत व्हायोलिनहून वेगळ्या तीन गोष्टी. पोटावर लाकडाची पट्टी नाही, बकऱ्याचं कातडं आहे. मुख्य तारा तीन, आतड्याच्या तातीच्या, आणि त्या बोटाच्या पेराने दाबत नाहीत, नखाच्या मुळाने बाजूने टेकवतात. आणि खाली पस्तीसेक तरफा. गज तरफांना लागत नाही. वरचा सूर जुळला की त्या आपोआप बोलतात. प्रीसेटमध्ये बहुतेक वेळा या तरफाच नसतात. वर रिव्हर्ब ओतलेला असतो, पण रिव्हर्ब सगळ्या सुरांना सारखाच लांबवतो. तरफ फक्त आपल्या सुराला लांबवते. हा फरक प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण तो खुर्चीत बसल्या बसल्या ऐकतो.

तरफ घरी बनते. डिले (आवाज जरा उशिराने पुन्हा सोडणारं साधन) घे, अगदी लहान. सुराच्या हर्ट्झने हजाराला भागायचं, तेवढे मिलिसेकंद. तुमचं नाटक काळी एकमध्ये आहे असं धरू. मधला सा २७७ हर्ट्झ, म्हणजे डिले ३.६१ मिलिसेकंद. पंचमाला २.४१, शुद्ध गंधाराला २.८९, तार सा १.८०. फीडबॅक (बाहेर आलेला आवाज परत आत किती पाठवायचा ते) ९८ टक्के ठेवलास तर सा सव्वा सेकंद रेंगाळतो. ९९ ला अडीच सेकंद, आणि शंभराला तुझे स्पीकर गेले, तेव्हा तिकडे जाऊ नकोस. फीडबॅकच्या वाटेत थोडा लो-पास (वरचे स्वरांश गाळणारा फिल्टर), म्हणजे तार जुनी वाटते. असे पाचसहा डिले शेजारी शेजारी लाव, एकामागे एक नाही. त्यांना मूळ आवाजाचा दहावा हिस्साच पाठव. जे सूर त्या रागात नाहीत त्यांच्या तरफा लावू नकोस. सारंगिया तरफा रागाप्रमाणे लावतो ते याचसाठी.

मग मींड. पोर्टामेंटो चालू करून दोन पट्ट्या दाबल्यास, तर सूर सरळ रेषेत चढतो आणि रुग्णवाहिका येते. म्हातारा मेल्यावर रुग्णवाहिका म्हणजे दिग्दर्शक पुन्हा ओरडणार. मींड निघताना खालच्या सुराला जरा चिकटून राहते, मधलं अंतर पटकन कापते आणि वरच्या सुराला हलकेच टेकते, कधी त्याच्या किंचित पुढे जाऊन मागे येते. पिच बेंडचा पल्ला १२ सुरांचा कर आणि हे वळण माउसने काढ. काढताना सरळ रेष दिसली की खोडायची. रामनारायण यांचा कुठलाही संथ आलाप लाव, एका मींडेला घड्याळ लावून बघ. तू जेवढा वेळ देतो आहेस त्याच्या दुप्पट निघेल.

आणि सगळ्यात शेवटी, सूर कमी वाजव. मेलेल्या माणसाजवळ कुणी ताना घेत नाही.

प्रश्न : सोळा आवाजांचं युनिझन (एका पट्टीवर एकाच सुराचे अनेक आवाज) लावलं, डिट्यून (प्रत्येकाला किंचित बेसूर) केलं, तरी सोळा व्हायोलिनऐवजी मधमाश्यांचं पोळं उठतं. — फोंडा, गोवा

उत्तर : तुम्ही फोंड्याचे, म्हणजे हा प्रश्न तुम्ही मला विचारण्याऐवजी मी तुम्हाला विचारायला हवा. मुंबईच्या स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगांमध्ये गोवेकर किती होते! चर्चच्या पॅरिश शाळेत लहानपणी नोटेशन गिरवलेली माणसं, समोर कागद ठेवला की लगेच वाजवणारी. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, “आठ जण एका तालात असतात, पण आठ गज एकाच वेळी तारेला लागतात असं समजू नकोस.”

तुमच्या युनिझनमध्ये सोळाही जण एकाच क्षणी सुरू होतात आणि जन्मभर तेवढेच बेसूर राहतात. प्रत्येकाची चूक ठरलेली, न हलणारी. पोळं त्यामुळे उठतं. डिट्यून कमी करा आणि प्रत्येक आवाजाला स्वतःचा हळू भरकटणारा एलएफओ द्या. त्याहून चांगलं म्हणजे चार ट्रॅक करा आणि चारही वेळा हाताने वाजवा. कॉपी-पेस्ट नाही. प्रत्येकाला वेगळी टिचकी, वेगळा अटॅक. चाराचे सोळा वाटतात.

जुन्या यंत्रांनी हे किती थोडक्यात साधलं होतं बघा. १९७४ च्या सोलिना या व्हायोलिनच्या रांगेचा आवाज काढणाऱ्या कीबोर्डात आत जवळजवळ ऑर्गनच होता, पातळ आणि ताठ. तो आवाज तीन डिलेंमधून जायचा. तिन्ही डिले दोन वेगांनी डुलायचे, एक अगदी संथ आणि एक सेकंदाला सहाएक वेळा, आणि तिघांची लाट एकमेकीपासून तिसऱ्या हिश्श्याने मागे. बस्स. त्याला व्हायोलिन कुणी म्हणणार नाही, पण रांग मात्र नक्की वाटते. फुकटात हवं असेल तर झिनअ‍ॅडसबएफएक्स या सिंथमधलं पॅडसिंथ बघा. ते प्रत्येक स्वरांशाची रेष पुसट करून पट्टा बनवतं, वरच्या स्वरांशाचा पट्टा जास्त रुंद. गर्दीत नेमकं हेच होतं.

प्रश्न : तार, गज, दाब हे सगळं संगणकानेच मोजून आवाज काढावा असं सॉफ्टवेअर आहे का? फुकट असल्यास उत्तम. — पुणे

उत्तर : आहे, आणि पुणेकरांची अट पाळून फुकटच आहे. सीसाउंड. १९८६ पासून चालू असलेली भाषा, एमआयटीच्या बॅरी व्हर्को यांनी सुरू केलेली. त्यात डब्ल्यूजीबो नावाचा आदेश आहे. त्याला गजाचा दाब सांगायचा, १ ते ५ मध्ये, साधारण ३ बरा. गज तारेच्या कुठल्या भागावर आहे ते सांगायचं, ०.०२५ पासून ०.२३ पर्यंत, नेहमीच्या वादनाला ०.१२७. दाब आणि जागा यांचा मेळ चुकला की सूर फाटतो आणि किंचाळतो, नवशिक्याच्या हातात किंचाळतो तसाच. मला पहिल्यांदा ते ऐकून फार बरं वाटलं होतं. सॉटूथ कधी चुकत नाही, हे चुकतं. मात्र खटका न दाबता ओळी लिहायची तयारी ठेवा. पोटाचं लाकूड इथेही कच्चंच आहे, तेव्हा टिचकी लागतेच.

प्रश्न : पिच बेंडचा दांडा सोडला की सूर उडी मारून मूळ जागी येतो. मींड घेऊन वर थांबताच येत नाही. — परभणी

उत्तर : आत स्प्रिंग असते. एकतर वरच्या सुराची पट्टी दाबत असतानाच दांडा सोडायला शिका, त्याला महिनाभर लागेल. नाहीतर खालचं झाकण उघडा आणि स्प्रिंग काढून टाका. मी माझ्या जुन्या कीबोर्डची काढली आहे. चार स्क्रू, दहा मिनिटं. आता मध्य सापडावा म्हणून दांड्याच्या बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका आहे. तुमच्या कीबोर्डची वॉरंटी संपलेली असेल तरच हे करा, आणि स्प्रिंग डबीत जपून ठेवा. मी ठेवली नाही.